उष्णता कोणी सोसायची?

लॅपटॉप तापून मंदावला, त्याचा फॅन घोंघावू लागला किंवा ऐन कामात तो बंद पडला की पहिला संशय वापरणाऱ्यावर घेतला जातो. गादीवर ठेवला असेल, आत धूळ साचली असेल, एका वेळी नको तितकी कामे चालू असतील. दुकानदार हेच सांगतो, कंपन्यांच्या सूचनापत्रिकांत हेच लिहिलेले असते, आणि घरातली वडीलधारी मंडळीही हेच बजावतात. यातले काही खरे असते. पण संगणकाच्या उष्णतेचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला तर दोष कोणाचा यापेक्षा वेगळा आणि अधिक मूलभूत प्रश्न पुढे येतो: यंत्र जी उष्णता निर्माण करते ती सोसायची कोणी? प्रत्येक काळाने याचे उत्तर दिले आहे. आधी ती इमारतीने सोसली, मग कपाटाएवढ्या यंत्राने, मग टेबलावरच्या डब्याने, आणि शेवटी ती माणसाच्या मांडीवर आली. हा बदल कोणी जाहीर केला नाही. त्याची किंमत कोणत्याही पावतीवर छापली गेली नाही. लॅपटॉपचे तापणे हा अपघात नसून एक ठरवून केलेला व्यवहार आहे, त्यात वापरणाऱ्याला कधी विचारले गेले नाही, आणि या व्यवहारातून खरी सुटका प्रत्येक वेळी उष्णता मुळातच कमी निर्माण करायचे ठरवल्यावर झाली आहे, असे मला या इतिहासातून दिसते.

आधी थोडे पदार्थविज्ञान, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पंपाला दिलेल्या विजेचा काही भाग पाणी वर चढवण्यात जातो. संगणक असे काहीच उचलत नाही, हलवत नाही. पडद्याचा प्रकाश आणि स्पीकरचा आवाज सोडला तर त्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. साठ वॅट आत गेले की साठ वॅटची शेगडी पेटली असे समजावे. आयबीएममधील रॉल्फ लँडावर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की माहितीचा एक बिट पुसण्यासाठीसुद्धा निसर्ग एक ठरावीक किमान उष्णता वसूल करतोच. आजच्या चिप्स या किमान मर्यादेच्या कितीतरी पट वर काम करतात, त्यामुळे सध्याच्या तापण्याचे खापर निसर्गनियमावर फोडता येत नाही. चिपची वीज तिच्या वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणून वेगाचा शेवटचा थोडासा वाटा मिळवण्यासाठी फार मोठी उष्णता मोजावी लागते. तो वाटा घ्यायचा की सोडायचा हे कोणीतरी माणूस ठरवतो.

१९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगासमोर आलेल्या एनिअॅक या संगणकात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. इतक्या ट्यूब असलेले यंत्र सलग चालूच शकणार नाही, दर काही मिनिटांनी एखादी ट्यूब जाईल, अशी अनेक जाणकारांना खात्री होती. प्रेस्पर एकर्ट यांनी त्यावर काढलेला तोडगा आजही मार्गदर्शक आहे. त्यांनी ट्यूब त्यांच्या ठरलेल्या क्षमतेच्या बऱ्याच खाली चालवल्या. जितके झेपते तितके ओझे घालायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्याच्या जोडीला हवा खेळवणारे मोठे पंखे होते आणि एखाद्या कपाटाचे तापमान मर्यादेपलीकडे गेले तर वीज तोडणारे थर्मोस्टॅटही होते. म्हणजे पहिल्याच मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकात तीनही उपाय हजर होते: कमी ताण, वाहती हवा आणि शेवटची सुरक्षा म्हणून बंद पडणे. या तिघांचा क्रम पुढे कसा उलटला, त्यात लॅपटॉपचा सगळा इतिहास आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९६० मध्ये कामाला लागलेला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नाव दिलेला संगणकही व्हॅक्यूम ट्यूबांचाच होता. मुंबईच्या दमट हवेत असले यंत्र चालवणे म्हणजे त्याच्यासोबत त्याची खोली गार ठेवणे हेही आलेच.

पुढची तीन दशके हाच रिवाज राहिला. मोठा संगणक विकत घेणारी संस्था त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधत असे, उंच उचललेल्या जमिनीखालून थंड हवा सोडत असे, आणि तो खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र रकान्यात मांडत असे. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात शंभराहून अधिक चिप्स एका बंद धातूच्या डब्यात बसवलेल्या होत्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला अॅल्युमिनियमचा छोटा दट्ट्या, मधल्या फटीत उष्णता चांगली वाहून नेणारा हेलियम वायू, आणि डब्याच्या डोक्यावर थंड पाणी फिरवणारी तबकडी. सिमोर क्रे यांचा क्रे-१ हा १९७६ मध्ये लॉस अॅलामॉसला पोहोचला तेव्हा तो शंभर किलोवॅटहून अधिक वीज घेत होता आणि त्याच्या खांबांतून फ्रिजमधल्यासारखा फ्रिऑन फिरत होता. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट एका निष्क्रिय द्रवातच बुडवून ठेवले होते. ही यंत्रे अवाढव्य आणि महाग होती, पण एका बाबतीत प्रामाणिक होती. त्यांच्या उष्णतेचा हिशेब उघड होता आणि तो भरणारा माणूस ठाऊक होता. महाराष्ट्रातल्या शाळा, बँका आणि सरकारी कार्यालयांत १९८० आणि ९० च्या दशकांत आलेल्या संगणक खोल्या याच परंपरेतल्या. चपला बाहेर काढायच्या, दार लगेच लावायचे, एसी यंत्रासाठी आहे हे लक्षात ठेवायचे. त्या शिस्तीची आज गंमत वाटते, पण तिच्यामागे एक स्पष्ट कबुली होती की यंत्राला गारवा आणि स्वच्छ हवा लागते आणि ती पुरवणे मालकाचे काम आहे.

या भव्य शीतयंत्रणांचा शेवट कसा झाला ते मला या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. ३०८१ सारख्या यंत्रांतल्या बायपोलर जातीच्या चिप्स वेगवान होत्या, पण काम असो वा नसो, सतत वीज पीत. १९९० च्या सुमारास पाणी फिरवूनही त्यांची उष्णता आवरेना. तेव्हा आयबीएमने १९९४ पासून आपले मोठे संगणक सीमॉस जातीच्या चिप्सवर नेले. ही जात काम नसताना फार कमी वीज घेते. सुरुवातीला ही नवी यंत्रे जुन्यांपेक्षा संथ होती, आणि इतक्या मोठ्या कंपनीने जाणूनबुजून संथ यंत्र बाजारात आणणे ही लहान गोष्ट नव्हती. काही वर्षांत त्यांनी जुन्यांना गाठले आणि मागे टाकले. पाण्याचे नळ गेले, हवा पुरेशी ठरली. दट्ट्ये, हेलियम आणि थंड पाणी यांवर खर्ची पडलेल्या अप्रतिम अभियांत्रिकीला जे जमले नाही ते चिपची जात बदलल्याने जमले.

लॅपटॉप जन्माला आला तो मात्र वेगळ्या दबावाखाली. १९८२ मध्ये आलेला ग्रिड कंपास हा आजच्या लॅपटॉपसारखा मिटणारा संगणक बिल मॉग्रिज यांनी रचला होता. त्याचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते आणि ते आतली उष्णता बाहेर पसरवण्याचेही काम करत असे. पंखा नव्हता. अमेरिकेच्या स्पेस शटलवर तो नेताना एक अडचण आली: गरम हवा वर जाते ती गुरुत्वाकर्षणामुळे, आणि कक्षेत तर वजनच जाणवत नाही. म्हणून त्यात छोटा पंखा बसवावा लागला. पृथ्वीवर फुकट मिळणारी वर चढणारी हवा आपण किती गृहीत धरतो ते यावरून कळते. त्या पिढीतल्या चिप्स काही वॅटच घेत, म्हणून कवच पुरे पडले. १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम आला आणि टेबलावरच्या संगणकांत हीटसिंक आणि पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. लॅपटॉपमध्ये एवढी उंची नव्हती. तिथे मदतीला आली उष्णतानळी. तिचे पहिले पेटंट १९४४ चे, पण तिला खरे रूप दिले ते लॉस अॅलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये, तेही अवकाशातल्या उपयोगासाठी. बंद केलेली तांब्याची नळी, आत हवा काढून घेऊन ठेवलेले थेंबभर पाणी. चिपजवळच्या टोकाला ते वाफ होते, पंख्याजवळच्या पापुद्र्यांपाशी पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येते. ना मोटर, ना आवाज. १९९० च्या दशकात ती चपटी होऊन लॅपटॉपमध्ये शिरली आणि आजही बहुतेक लॅपटॉप उघडले की तीच दिसते.

त्याच सुमारास चिपनिर्मात्यांच्या पायाखालची एक जुनी सोय सरकू लागली होती. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेलो तर त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते, आणि म्हणून तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. तीन दशके उद्योग या आधारावर निर्धास्त चालला. २००० नंतर ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी २००१ च्या एका अभियांत्रिकी परिषदेत आलेख मांडून सांगितले की हीच चाल राहिली तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरची उष्णता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या पातळीला जाईल. इशारा घरातूनच आला होता. तरीही त्याच कंपनीचा पेंटियम ४ गिगाहर्ट्झचा आकडा वाढवत राहिला. २००४ मध्ये आलेल्या त्याच्या ‘प्रेस्कॉट’ आवृत्तीच्या वरच्या चिप्स ११५ वॅटपर्यंत गेल्या. त्याच वर्षी त्याची पुढची पिढी आणि ४ गिगाहर्ट्झची चिप, दोन्ही योजना सोडून द्याव्या लागल्या. उत्तर आले ते कंपनीच्याच इस्राएलमधल्या हैफा येथील गटाकडून. त्यांनी लॅपटॉपसाठी बनवलेला पेंटियम एम २००३ मध्ये आला होता. त्याची १.६ गिगाहर्ट्झची चिप सुमारे २५ वॅटमध्ये बसत होती आणि कागदावर कितीतरी अधिक वेगाच्या पेंटियम ४ च्या तोडीचे काम करत होती. २००६ नंतर कंपनीचे टेबलावरचे संगणकही याच वंशाच्या चिप्सवर चालू लागले. उष्णता कमी करण्याचा निर्णय आयबीएमच्या बाबतीत जे देऊन गेला होता तेच त्याने इथेही दिले.

मग तरीही आजचे लॅपटॉप का तापतात? कारण दरम्यान एक असे साधन हाती आले ज्याने कमी तापणाऱ्या चिपचा फायदा दुसरीकडे वळवला. पेंटियम ४ मध्ये २००० सालीच अशी सोय होती की चिप फार तापली तर ती स्वतःच आपली धडधड अधूनमधून थांबवून थंड होते. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या चाचणी करणाऱ्या प्रकाशनाने चालू संगणकांवरचे हीटसिंक काढून दाखवले. स्पर्धक कंपनीची अॅथलॉन चिप काही क्षणांत जळाली, पेंटियम ४ नुसता संथ झाला. ही सुरक्षा निःसंशय मोलाची आहे, आणि तिच्यामुळे असंख्य यंत्रे वाचली आहेत. पण सुरक्षा ही शेवटची पायरी होती तोवर ठीक होते. हळूहळू ती रचनेचा रोजचा भाग बनली. चिप जळणारच नसेल तर तिला पुरेसा गारवा देण्याची निकडही उरत नाही. २००८ पासून इंटेलच्या चिप्समध्ये गरज पडताच वेग वाढवणारी सोय आली, आणि ‘किती वेगाने’ याची दोन उत्तरे तयार झाली: काही सेकंदांचे आणि तासाभराचे. २०२२ मधल्या एका वरच्या दर्जाच्या लॅपटॉप चिपच्या अधिकृत माहितीत मूळ वीज ४५ वॅट आणि कमाल ११५ वॅट असे दोन आकडे आहेत, म्हणजे अडीचपटीचे अंतर. खोक्यावर छापला जातो तो कमाल वेग. चित्रफीत संपादित करणारा, इमारतीचे आराखडे रेंडर करणारा किंवा तासभर गेम खेळणारा माणूस जगतो तो खालच्या आकड्यात. २०१८ मध्ये अॅपलच्या सर्वांत महागड्या मॅकबुक प्रोची आय-९ चिप जोराच्या कामात आपला मूळ वेगही राखू शकत नाही असे दिसून आले. कंपनीने नियंत्रण-प्रणालीतली चूक मान्य करून दुरुस्ती दिली, पण एवढ्या महागड्या यंत्राबाबत हे खरेदीदारांनाच शोधून काढावे लागले. एकर्टच्या यंत्रात बंद पडणे हा अखेरचा उपाय होता आणि कमी ताण हा पहिला. आता कमाल ताण हा पहिला नियम आहे आणि मंदावणे हा नित्याचा.

आणि उष्णता गेली कुठे? ती माणसाच्या अंगावर आणि यंत्राच्या आयुष्यावर गेली. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक केंद्रातील संशोधकांनी २००४ च्या अखेरीस २९ निरोगी पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्यावर त्यांच्या अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले होते. हेही सांगितले पाहिजे की त्यातली बरीचशी वाढ मांड्या जुळवून बसण्याचीच होती, आणि या अभ्यासातून वंध्यत्व सिद्ध होत नाही. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर उमटलेल्या तपकिरी जाळीदार डागांची नोंद ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात केली. कांगडी पोटाशी धरणाऱ्या काश्मिरी लोकांत वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक असलेली ही खूण आता लॅपटॉपने उमटवली होती. यंत्राच्या आयुष्याचा पुरावा याहून ठळक आहे. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की तिच्या काही लॅपटॉपसाठीच्या ग्राफिक्स चिप्सच्या बांधणीतले साहित्य कमकुवत निघाले आहे, आणि त्यासाठी १९.६ कोटी डॉलर बाजूला काढले. रोजच्या तापण्यानिवण्याने चिपखालचे सूक्ष्म जोड तडकत होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत बोर्डाला हीट देणे, चिप काढून तिचे जोड नव्याने घालणे म्हणजे रिबॉलिंग करणे या कामांत जे कारागीर तरबेज झाले, त्यांच्या हाती येणाऱ्या कामाचा एक मोठा वाटा असल्याच तडकलेल्या जोडांचा होता. कारखान्यात वाचवलेल्या मिलिमीटरांची किंमत त्या टेबलांवर ग्राहक मोजत होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो ग्राहकाच्या नावाने. लोकांनाच पातळ आणि हलका लॅपटॉप हवा होता, कंपन्यांनी तो दिला, यात गैर काय? हा आक्षेप हलका नाही. खांद्यावर तीन किलो वाहून लोकलने प्रवास करणाऱ्याला एक किलोचे यंत्र ही खरी सुटका आहे, आणि पत्रे लिहिणाऱ्याला किंवा हिशेब ठेवणाऱ्याला ते पुरतेही. पण मागणीचा दाखला तेव्हाच चालतो जेव्हा मागणाऱ्याला किंमत ठाऊक असते. दुकानात यंत्राची जाडी मिलिमीटरमध्ये कळते, वजन ग्रॅममध्ये कळते, कमाल वेग ठळक अक्षरांत कळतो. अर्ध्या तासाच्या सलग कामानंतर किती वेग उरतो ते कुठेही लिहिलेले नसते. एकाच नावाची चिप दोन लॅपटॉपमध्ये असते आणि एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे संथ असतो, कारण एकात उष्णतेला वाट आहे आणि दुसऱ्यात नाही. ही माहिती दडवून केलेल्या निवडीला ग्राहकाची निवड म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप पदार्थविज्ञानाचा आहे: लहान जागेत मोठे काम म्हटले की तापणारच. त्याचे उत्तर २०२० च्या नोव्हेंबरात मिळाले. अॅपलने मोबाइलच्या घराण्यातली एम-१ चिप मॅकबुक एअरमध्ये घातली आणि पंखाच काढून टाकला. काही वॅटमध्ये चालणाऱ्या या चिपने कितीतरी अधिक तापणाऱ्या लॅपटॉपांची कामे उरकली. दीर्घकाळ जोराचे काम दिले तर तोही मंदावतो, कारण पंखा नाही. पण जिथून तो मंदावायला लागतो ती पातळी खूप वर आहे. सीमॉस आणि पेंटियम एम यांच्यानंतर तिसऱ्यांदा तेच घडले, तेव्हा याला योगायोग म्हणता येणार नाही. पंखे मोठे करणे, उष्णतानळ्या वाढवणे, चिपवर लावायच्या उष्णतावाहक पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरणे हे सगळे उपयोगी आहे आणि त्यामागे खरे कौशल्य आहे, पण त्याने उष्णतेची जागा बदलते. खाली ठेवायच्या कूलिंग पॅडबद्दलही तेच. ज्या यंत्राच्या तळाला जाळी आहे त्याला त्याने काही अंशांचा दिलासा मिळतो, जाळीच नसेल तर जवळजवळ काहीच नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. अॅपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते, आणि इतरही अनेक उत्पादक ३५ हीच वरची मर्यादा धरतात. नागपूर, चंद्रपूर, अकोला किंवा जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल-मे मधल्या दुपारी कूलर नसलेल्या खोलीत ३५ अंश ही सकाळची गोष्ट असते. हिशेब सोपा आहे. उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकामुळे. चिपची मर्यादा साधारण १०० अंश. खोली २५ अंशांची असेल तर हाताशी ७५ अंशांचा फरक आहे, ४५ ची असेल तर ५५ चा. तोच पंखा, तीच नळी, पण बाहेर टाकता येणारी उष्णता पावपटीहून अधिक घटली. भुसावळच्या विद्यार्थ्याने लॅपटॉप कितीही निगुतीने वापरला तरी तो गार हवेच्या शहरातल्या चाचणीइतका वेग देणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे हजारो घरांत एकदम जाणवले. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतले लॅपटॉप कार्यालयाच्या मध्यवर्ती एसीतून उचलून ऐन एप्रिलमध्ये घराघरांत आले. यंत्रे तीच होती. त्यांची उष्णता इतकी वर्षे गुपचूप सोसणारी इमारत तेवढी बदलली होती.

वापरणाऱ्याने काहीच करायचे नाही असे यातून निघत नाही. आपल्याकडची धूळ फॅनच्या पापुद्र्यांत नमद्यासारखी बसते, आणि ती काढणे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घेणे हे काम फेब्रुवारीअखेर करून घेतले तर उन्हाळा सुसह्य होतो. लॅपटॉप सपाट कठीण जागेवर ठेवावा. जोराच्या कामात कमाल वेग थोडा खाली बांधून घ्यावा, कारण वर सांगितल्याप्रमाणे शेवटच्या थोड्या वेगासाठीच सर्वांत अधिक उष्णता खर्ची पडते. तो एकर्टचाच नियम आहे. पण निगा ही यंत्राच्या रचनेची भरपाई होऊ शकत नाही, आणि ज्या लॅपटॉपचा तळ उघडून फॅन साफ करणे सामान्य कारागिरालाही जिकिरीचे जाते त्याच्या मालकाला धुळीसाठी दोष देणे अन्यायाचे आहे.

हे बदलता येते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. एसीच्या स्टार लेबलसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ पासून सक्तीची केलेली मोजणी भारतीय हवामान धरून, २४ ते ४३ अंशांच्या बाहेरच्या तापमानावर होते. परदेशातल्या सौम्य उन्हाळ्याचे आकडे इथे चालणार नाहीत हे एसीच्या बाबतीत आपण मान्य केले आणि उत्पादकांनीही ते पाळले. लॅपटॉपच्या खोक्यावरही दोन आकडे सक्तीचे व्हावेत: अर्ध्या तासाच्या सलग कामानंतर चिप किती वॅटवर टिकते, आणि भोवती ४० अंश असताना किती. तोवर लॅपटॉप घेताना वाचकांनी दुकानदाराला हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर त्याच किमतीतला थोडा जाड, तळाला मोकळी जाळी असलेला आणि साध्या स्क्रूंनी उघडणारा लॅपटॉप निवडावा.